गांवकर कोण?

सावंतवाडीहून घाट चढून वर गेलें म्हणजे आंबोली लागते आणि तिच्या आजूबाजूस गेळें व चौकुळ. पावसाळ्यांत मुंबई, कोल्हापूर, बेळगांव, गोवें येथून माणसें मोटारी भरभरून येतात, धबधब्याखालीं भिजतात, भाजलेलीं कणसें खातात आणि अंधार पडण्यापूर्वीं परत जातात. ज्या डोंगरावर आपण उभे राहिलों तो कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न त्यांतल्या एकाच्याही मनांत येत नसेल; आणि कां यावा? पण हाच प्रश्न या तीन गांवांच्या उरावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. येथल्या कितीतरी जमिनीच्या कागदावर रामा, गोविंदा, सखाराम असें कोणा माणसाचें नांव नव्हतें. त्या रकान्यांत लिहिलेलें होतें, "कबुलायतदार गांवकर".

वाचकहो, हे कबुलायतदार गांवकर कोण? तो एक माणूस कीं हजार? त्यास लेकी आहेत काय? त्यांतला एखादा मुंबईस गेला तर तो गांवकर राहतो कीं नाहीं? आणि गांवांत जन्मभर राबूनही ज्यास कोणीं कधीं गांवकर म्हटलें नाहीं त्याचें काय? वरवर पाहतां ही महसूल खात्याची बाब दिसते. आमच्या मतें ती तेवढीच नाहीं. माणसानें आपल्या समाजाचें किती व्हावें आणि स्वतःचें म्हणून किती उरावें, हा जो जुना तंटा आहे, तो या तीन गांवांत सातबाऱ्याच्या उताऱ्यावर उतरला आहे. म्हणून आजचा अग्रलेख त्यावर.

कबुलायत या शब्दांतच अर्धी हकीकत आली. संस्थानच्या काळीं या उंच, पावसानें झोडपलेल्या मुलखांत प्रत्येक वाफ्याचा मालक शोधीत बसण्यापेक्षां गांवच्या मंडळींकडून एकच कबुलायत लिहून घेणें सरकारास सोईचें होतें. गांवानें सबंध गांवचा सारा भरावा. कोणीं कोठें नाचणी पेरावी, कोठें गुरें चारावीं, कोणतें रान राखावें, हें आपसांत पाहून घ्यावें. सरकार गांवास ओळखी, माणसास ओळखीत नसे. सारा थकला तर तोही गांवाच्याच डोक्यावर. यांत धर्मादाय कांहीं नव्हता. दोघांचीही सोय होती.

१९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. राजे गेले, कारभारी गेले, साहेबामागून साहेब बदलले. कागदावरचे कबुलायतदार गांवकर मात्र तसेच राहिले. मग १९९९ सालीं ती नोंद गेली आणि तिच्या जागीं "महाराष्ट्र शासन" असे दोन शब्द आले. गांव म्हणत होतें, ही जमीन आमच्या सगळ्यांची. कचेरीनें ऐकलें, ही जमीन कोणाचीच नाहीं. आणि जें कोणाचेंच नाहीं तें सरकारचें, हा तर कचेरीचा पहिला धडा! तेव्हांपासून अर्ज, बैठका व आश्वासनें यांचा रतीब चालू झाला. गेल्या कांहीं वर्षांत शासनानें वांटपाकडे पाऊल टाकलें आहे. कोणत्या गांवाचा कागद कोणत्या टेबलावर आहे याचा हिशेब आम्ही येथें मांडीत नाहीं. तो आठवड्यागणिक बदलतो. आम्हांस बोलावयाचें आहे तें वांटप कोणत्या तत्त्वानें व्हावें याविषयीं.

ज्याचें घर या जमिनीवर आहे त्याच्या जागीं उभे राहून आधीं पाहा. आजानें बांधलेलें घर, बापानें लावलेलीं काजूचीं झाडें, स्वतः खणलेली विहीर. आणि कागद पाहावा तर त्यावर आपण नाहीं. पीककर्ज मागावयास सोसायटींत जा, सातबारा आणा म्हणतात. घर मोडकळीस आलें, नवें बांधण्यास परवानगी मागा, सातबारा आणा. वादळानें बाग झोपली, पंचनाम्यास या म्हणा, सातबारा कोठें आहे? विहिरीची योजना, मुलाचा शेतकरी असल्याचा दाखला, प्रत्येक दारावर तोच एक शब्द. गांवांतला शिकलेला मुलगा पर्यटकांसाठीं चार खोल्या बांधूं म्हणतो, तर बँकेंत तारण ठेवावयास त्याच्यापाशीं हातभर जमीन नाहीं. बाहेरून आलेल्या पैसेवाल्यास मात्र कोठला तरी कागदी तुकडा सांपडतो आणि तो हॉटेल उठवितो. तो मुलगा मग त्याच हॉटेलांत बशा उचलावयास जातो. समूहाच्या नांवाखालीं माणूस पुसला जातो तो असा. शहरांत बसून खेड्यांतल्या सामुदायिक जीवनाची थोरवी सांगणाऱ्यांनीं एक वर्ष सातबाऱ्याशिवाय शेती करून पाहावी, मग बोलावें.

आतां उलट बाजूनें पाहूं. या मुलखांत रान उरलें, झरे उरले, चराऊ माळ उरले. आंबोलीस हिरण्यकेशीच्या उगमापाशीं २०२० सालीं शास्त्रज्ञांनीं माशाची एक नवी जात जगापुढें मांडली आणि २०२१ सालीं शासनानें ती जागा जैविक वारसा स्थळ ठरविली. हें सगळें कोणा एका अधिकाऱ्यानें राखलें नाहीं. पाऊस आणि देवाची भीति यांनीं थोडें राखलें. आणि जमीन एकट्याची नव्हती म्हणून एकट्यास विकतां आली नाहीं, यानेंही बरेंच राखलें, असें आमचें मत आहे.

घाट उतरून किनाऱ्याच्या बाजूस या आणि जेथें प्रत्येकाचा स्वतंत्र उतारा होता तेथें काय झालें तें पाहा. जमिनीचा दलाल ग्रामसभेंत कधीं येत नाहीं. तो एकट्याच्या दारीं येतो, दिवेलागणीस, ओळखीचा एक भाऊबंद बरोबर घेऊन. ज्याची मुलगी लग्नाची आहे, ज्याच्या घरीं दुखणें आहे, ज्याच्या भावाचे मुंबईंत हप्ते थकले आहेत, त्याच्याकडे तो पहिल्यानें जातो. सामाईक खात्यांतला एकाचा अविभक्त हिस्सा त्यानें घेतला कीं पुढचें काम कायदाच करतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांतील ४४ व्या कलमाप्रमाणें त्या परक्या खरेदीदारास हिस्सेदाराची जागा मिळते व वांटणी मागण्याचा हक्कही मिळतो. कुटुंबाच्या राहत्या घरांत तेवढा त्यास पाय ठेवतां येत नाहीं. बाकीचे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात आणि शेवटीं कंटाळून तेही सही करतात. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेतां येत नाहीं असें कूळकायदा म्हणतो खरें. पण शेतकरी म्हणजे आपल्याच गांवचा शेतकरी, असें त्यांत कोठें म्हटलें आहे? विकणाऱ्यास विचारावें तर तो म्हणतो, माझी जमीन, मी कांहींही करीन. शेजारच्याचा झरा आटला तर माका काय? या "माका काय" नें कोंकणचें जेवढें नुकसान केलें तेवढें कोणत्याही वादळानें केलें नसेल.

इतकें पाहिल्यावर "तर मग जमीन गांवाच्याच नांवें राहूं द्या" असें म्हणून लेखणी खालीं ठेवावी, असा मोह होतो. पण मग गांव म्हणजे कोण, हा प्रश्न पुढें येऊन उभा राहतो, आणि तेथें भल्याभल्यांची बोबडी वळते.

कोंकणांत गांवकर म्हणजे नुसता गांवांत राहणारा नव्हे. गांव वसविणाऱ्या घराण्याचा तो वंशज. देवळांत त्याचा मान, पालखीस त्याचा खांदा, शिमग्यांत त्याची होळी, कौल लावावयाचा तो त्याच्या समक्ष. पण कोंकणच्या गांवांत घाडी असतो, गुरव असतो, सुतार असतो. घाटमाथ्याच्या उतरणीवर धनगरवाडा असतो. गांवाच्या कडेस पूर्वीचा महारवाडा व आतांची बौद्धवाडी असते. सारा भरण्याची कबुलायत ज्यांनीं लिहून दिली त्यांनीं तो सारा कोणाच्या घामांतून भरला? नांगराचा फाळ कोणीं शेवटला? गुरें कोणीं राखलीं? मेलेलें ढोर कोणीं ओढलें? ज्यांनीं हीं कामें केलीं त्यांचीं नांवें कबुलायतींत शोधावयास गेलें तर किती सांपडतील? देवापुढें गाऱ्हाणें घालतांना सबंध गांवासाठीं मागणें होतें. त्यांत मुंबईस गेलेलीं मुलें येतात, गुरेंढोरें येतात, रानांतली वाट येते, कामकरी येतो, पाहुणा येतो, आणि जमलेले सगळे एकदमच होकार देतात. देवापुढें जें गांव एवढें मोठें असतें, तेंच कागदाच्या रकान्यांत शिरतांना एवढें लहान कां होतें?

येथें आमच्या चळवळीच्या लोकांनीं स्वतःस एक प्रश्न विचारावा. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापिला तो कशासाठीं? देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको, एवढ्यासाठीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भटाशिवाय पहिलें लग्न लागलें. एका साध्या माणसानें आपल्या संसाराचा आरंभ स्वतःच्या तोंडच्या शब्दानें करावयाचा, यापेक्षां व्यक्तीचा मोठा मान तो कोणता? पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू ध्यानांत घ्या: जोतीरावांनीं त्यासाठीं समाज काढला. एकट्यादुकट्यास तें झेपलें नसतें. उपाध्या फिरकेना, भाऊबंद तोंड फिरवीत, सावकार कर्जाचा तगादा लावी. अशा वेळीं पाठीशीं दहा माणसें उभीं राहणें हाच त्या एकट्याचा आधार होता. समाज होता म्हणून माणसास एकटें वागतां आलें.

तेव्हां देव आणि माणूस यांच्यामध्यें ज्यास दलाल नको वाटला, त्यास सरकार आणि माणूस यांच्यामध्यें मानकऱ्याची दलाली कशी चालावी? आणि मानकरी आपल्याच जातीचा आहे म्हणून ती चालावी, असें कोणी मनांत म्हणत असेल तर त्यानें फुल्यांचें नांव घेऊं नये.

कोंकणांत याचा कित्ता आहे. खोतीच्या जोखडाखालीं कुणबी, मराठा, आगरी, महार असे सारेच कूळ पिळले जात होते. १९३३ सालीं अलिबाग तालुक्यांत चरी गांवाच्या बाजूस नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं खोतांचीं शेतें कसावयाचें सोडलें आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल आणलें. जानेवारी १९३८ मध्यें कोंकणचे हजारों शेतकरी त्यासाठीं मुंबईंत मोर्चानें चालले. बिल तेव्हां पास झालें नाहीं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें. पण त्या चरीच्या कुळाकडे पाहा. शेत ओसाड टाकून सहा वर्षें मोलमजुरीवर व रानांतल्या लाकूडफाट्यावर पोट भरणारा तो माणूस कशासाठीं सगळ्यांबरोबर उभा राहिला? उद्यां शेतावर आपलें स्वतःचें नांव लागावें म्हणून. त्याची एकी व त्याची स्वतःची हांव यांत त्यास भांडण दिसलें नाहीं. भांडण आम्हां शिकलेल्यांस दिसतें.

पण एकीचें दुसरें रूपही कोंकणानें पाहिलें आहे आणि तें लपविण्यांत अर्थ नाहीं. गांवकीच्या बैठकींत एखाद्यानें वेगळें मत दिलें, निवडणुकींत ठरल्याप्रमाणें मत टाकलें नाहीं, मुलीनें आपल्या मनानें लग्न केलें, देवळाच्या वर्गणीचा हिशेब मागितला, कीं त्यास वाळीत टाकावयाचें! मग त्याच्या घरचें पीठ दळून मिळत नाहीं, दुकानदार माल देत नाहीं, विहिरीवर कोणी बोलत नाहीं, घरीं मयत झाली तर खांद्यास माणूस येत नाहीं. रायगड जिल्ह्यांतून अशा तक्रारी ओळीनें बाहेर आल्या त्यास फार वर्षें झालीं नाहींत. मुंबई सरकारनें १९४९ सालीं बहिष्काराविरुद्ध एक कायदा केला होता. तो १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यांत, घटनाबाह्य ठरविला. पुढें महाराष्ट्रानें २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो २०१७ पासून अंमलांत आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही. कायदा चांगला आहे. पण ज्यास गांवांतच राहावयाचें आहे तो पोलीस ठाण्याची पायरी दहा वेळां विचार करून चढतो, हेंही खरें आहे.

आतां कल्पना करा, कीं अशा गांवकीच्या हातीं आणखी सबंध गांवची जमीनही दिली. आज ती माणसाशीं बोलणें बंद करूं शकते. उद्यां त्याचें शेत बंद करील. ज्या समाजांतून माणसास मान वर करून "मला हें पटत नाहीं" असें म्हणतां येत नाहीं, त्यास समाज म्हणण्यापेक्षां कोंडवाडा म्हणावें. कोंडवाड्यांतही गुरें एकत्रच असतात.

शेजारच्या गोव्याकडे नजर टाकली तर गांवकरीचें आणखी एक दुखणें दिसतें. तेथें पोर्तुगीज येण्यापूर्वींपासून गांवकरी होती. १५२६ सालीं अफोंसो मेक्सिया यानें तिचे रिवाज फोराल म्हणून लिहून काढले आणि पुढें तिला कोमुनिदाद हें नांव पडलें. गांवची खाजणें, बांध, मानशी, देवळें या सर्वांचा कारभार गांवकर पाहत. पण गांवकरपण बापाकडून मुलाकडे गेलें, मुलीकडे गेलें नाहीं. आणि शेतांत राबणारा मुंडकार पिढ्यान्‌पिढ्या गांवांत राहूनही बाहेरचाच राहिला. हळूहळू कित्येक गांवकरांस गांव म्हणजे वर्षाकांठीं मिळणारें झोण एवढेंच उरलें. माणूस दूर देशीं, हक्क गांवांत, आणि बांध फुटला तर तो बुजविण्यास कोणी नाहीं! पेडणें, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वाडीकर सावंतांचेच होते, म्हणजे हें दुखणें परक्याच्या घरचें समजून आपणांस हंसतां येणार नाहीं.

आणि आमचे चाकरमानी? त्यांची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे, कारण कोंकणचें अर्धें गांव मुंबईंतच वसलेलें असतें. गिरणगांवांतल्या गांवाच्या खोल्या ज्यांनीं पाहिल्या त्यांस ही गोष्ट कळेल. एका खोलींत वीस पंचवीस माणसें. एक पाळी कामावर, एक पाळी झोपेंत. प्रत्येकाची एक खुंटी, एक ट्रंक, एक वळकटी. एवढेंच काय तें स्वतःचें. बाकी सगळें गांवाचें: भाडें, दिवा, देवाचा फोटो, आजाऱ्याची शुश्रूषा, मेलेल्याचा खर्च, नव्या आलेल्या पोरास गिरणींत चिकटवून देण्याची खटपट. पण त्या एका खुंटीवर दुसऱ्याचा सदरा कोणी टांगीत नसे, आणि ट्रंकेची किल्ली ज्याची त्याच्या करगोट्यास असे. समाज आणि माणूस यांची वांटणी कशी करावी हें विचारावयास आम्हांस विलायतेच्या पंडितांकडे जाण्याचें कारण नाहीं. त्या खोलींतल्या खुंटीकडे पाहिलें तरी पुरे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानें गिरण्या बसल्या आणि त्या खोल्याही बहुतेक रिकाम्या झाल्या. पण त्यांनीं पाठविलेल्या पैशावर गांवांतलीं देवळें उभीं राहिलीं, शाळांचीं छपरें झालीं. या लोकांस गांवाबाहेरचे म्हणतां येत नाहीं.

पण चतुर्थीस आठ दिवस येणाऱ्यानें बारा महिने राबणाऱ्याएवढीच कसती जमीन मागावी, हेंही आम्हांस पटत नाहीं. आमचें म्हणणें स्पष्ट आहे. राहत्या घरावर व घरठाणावर चाकरमान्याचा हक्क पुरा असावा. तेथें त्याचे आईबाप आहेत, तेथें तो म्हातारपणीं येणार आहे. त्याचे आईबाप किंवा भाऊ त्याच्या वांट्याचें शेत कसत असतील तर तेंही त्या घराकडेच राहावें. मात्र पडीक डोंगराचा नवा तुकडा मिळावा तो कसणाऱ्यास. मुंबईकर मंडळांतल्या आमच्या मित्रांस हें कडू लागेल. त्यांनीं परत येऊन नांगर धरावा, आम्ही त्यांच्या बाजूनें पहिलें लिहूं.

कसती जमीन ज्याची त्याच्या नांवें झाली पाहिजे याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. माणसास कागदावर स्वतःचें नांव पाहिजे. नवऱ्याच्या जोडीस बायकोचें नांवही त्याच ओळींत पाहिजे, कारण घाटावरच्या त्या पावसांत चिखलांत वाकून लावणी करते ती तीच. लेकींचा प्रश्न गांवकर हंसण्यावारी नेतात. पण महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि मध्यवर्ती सरकारनें २००५ सालीं वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाबरोबर बसविलें आहे. एका पिढीच्या वांटपांत तिला गाळलें तर पुढच्या पिढीस कोर्टांत तीच वांटणी पुन्हां करावी लागेल. धनगरवाडा, बौद्धवाडी व बलुतेदारांचीं घरें यांस यादींत जागा मिळावी ती गांवानें उदार होऊन दिलेली म्हणून नव्हे. कबुलायत ही राजानें गांवाशीं केलेली होती. ती एका कुळीचें वतन नव्हती.

मात्र नांव लागलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं विकण्यास मोकळें, असें होऊं नये. त्यासाठीं नवा शोध लावावयास नको. भोगवटादार वर्ग दोन म्हणून जमीन दिली तर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून ती विकतां येत नाहीं. आमची मागणी एवढीच कीं ती परवानगी देण्यापूर्वीं ग्रामसभेस विचारावें आणि गांवांतला कोणी रास्त भावानें घेण्यास तयार असेल तर पहिला हक्क त्याचा असावा. झरे, देवराया, पाणवठे, गुरांचे माळ हे वांटूंच नयेत. ते ग्रामसभेच्या ताब्यांत राहावे. येथें वनखात्याची नोंद आडवी येईल. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानंतर जंगल या शब्दाचा पैस फार वाढला आहे, आणि शेताच्या कांठची चार झाडेंही त्यांत सांपडतात. पण २००६ च्या वनहक्क कायद्यांत सामूहिक हक्काची वाट आहे. गडचिरोलींतल्या मेंढा-लेखा गांवानें त्या वाटेनें २००९ सालीं आपल्या रानावर हक्क मिळविला. २०१३ सालीं तर तेथल्या लोकांनीं आपली खाजगी जमीनही ग्रामदान कायद्याखालीं ग्रामसभेच्या नांवें करण्याचें ठरविलें. त्या कायद्यांत कसणारा कसतच राहतो, त्याच्या मागें त्याचीं मुलें कसतात. परक्यास विकण्याची वाट तेवढी बंद होते. मेंढ्याची नक्कल आंबोलीनें करावी असें आम्ही म्हणत नाहीं. त्या गांवीं सगळ्यांच्या संमतीवांचून निर्णय घेत नाहींत; येथें दोन वाड्यांचें पाण्याच्या नळावरून जमत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पण गांव जमीन राखूं शकतें व माणूसही राखूं शकतें, एवढें तेथें जाऊन डोळ्यांनीं पाहून यावें. दोन दिवसांचा प्रवास आहे. गोव्यास बाजाराला जातां तसा एकदां करा.

राहतां राहिली गांवकीच्या धाकाची गोष्ट. जमिनीची कोणतीही बाब हात वर करून ठरवूं नये, चिठ्ठीनें ठरवावी. सभेस मानकरी, पुजारी, सरपंच सगळे यावेत, पण ज्याच्या त्याच्या चिठ्ठीचें वजन एकच असावें. या बाबतींत देवास कौल लावूं नये. देवाच्या श्रद्धेवर आम्ही बोलत नाहीं. परंतु कौल उजवा आला तर गांवकर देवाचे आभार मानतात आणि डावा आला तर धनगराची जमीन जाते, हा व्यवहार देवासही आवडत नसावा.

आतां काम यादीचें. वांटपाच्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वीं तीनही गांवांच्या वाडीवार याद्या कराव्या: कोणतें घर, कोण कसतो, किती वर्षें, बाईचें नांव काय, मुंबईंत कोण, लेकी किती. ती यादी तलाठ्याच्या कपाटांत नको. चावडीवर, देवळाच्या ओवरीवर, धनगरवाड्यांत व बौद्धवाडींत चिकटवावी, आणि तक्रारीस निदान एक महिना द्यावा. तो महिना भाताच्या लावणीचा नसावा व चतुर्थीचाही नसावा, नाहींतर अर्धे लोक चिखलांत आणि अर्धे आरतींत. ज्यांचीं नांवें यादींत दिसणार नाहींत त्यांनीं आपलें घर, वाडी व किती पिढ्या तेथें आहों तें लिहून आमच्याकडे धाडावें. लिहितां येत नसेल तर कोणाकडून लिहवून अंगठा उठवावा. तें पत्र आम्ही याच पानावर छापूं, आणि गांवकर मंडळींस त्यावर कांहीं म्हणावयाचें असेल तर त्यांचें उत्तरही त्याच्याच शेजारीं, तेवढ्याच जागेंत छापूं.